गाठ किती घट्ट? साखरेच्या रेणूतला हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

नेकनूरच्या आठवडी बाजारात बैलासाठी दावे घेणारा शेतकरी दुकानदाराच्या शब्दावर विसंबत नाही. तो दावे दोन्ही हातांत धरतो, हिसका देऊन पाहतो, पीळ तपासतो आणि मगच पैसे काढतो. दाव्याचे बळ कसे पाहायचे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. किती ओढले म्हणजे तुटेल, हा त्याचा एक प्रश्न असतो. ओढले तर किती ताणेल, हा दुसरा. हे दोन प्रश्न एकच नव्हेत. रबर हातभर ताणते, पण चटकन तुटत नाही. वाळलेला वेल मुळीच ताणत नाही, पण एका झटक्यात तुटतो. मग या दोघांत बळकट कोण? उत्तर द्यायचे तर ‘बळकट’ म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागते.

रसायनशास्त्रात नेमका हाच प्रश्न गेली शंभर वर्षे चर्चेत आहे. सगळे पदार्थ अणूंचे बनलेले आहेत आणि अणू एकमेकांना बंधांनी जोडलेले आहेत, हे आपण शाळेत शिकतो. हे बंध काही लोखंडी साखळ्या नव्हेत. दोन अणुकेंद्रांच्या मधल्या जागेत इलेक्ट्रॉन वाटून घेतले जातात, त्यातून दोघांची मिळून ऊर्जा कमी होते आणि ते जवळ राहतात. या जवळ राहण्यालाच आपण बंध म्हणतो. पण बंधाला दाव्यासारखा हिसका देऊन पाहता येत नाही. मग त्याचे बळ मोजायचे कसे?

सरासरीमागचे सत्य

बारावीच्या पुस्तकात एक तक्ता असतो. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यातला बंध तोडायला सुमारे १११ किलोकॅलरी लागतात, असे त्यात दिलेले असते. हा आकडा एका मोलचा, म्हणजे अणूंच्या एका ठराविक प्रचंड संख्येचा असतो. पाण्याच्या बाबतीत एक मोल म्हणजे १८ ग्रॅम, साधारण चार चमचे पाणी.

आता पाण्याचाच रेणू घेऊ. मध्ये एक ऑक्सिजन, दोन्ही बाजूंना एकेक हायड्रोजन. दोन्ही बंध अगदी सारखे, जुळ्या भावांसारखे. त्यांतला एक तोडायला लागतात सुमारे ११९ किलोकॅलरी. मग दुसरा तोडायलाही तितक्याच लागायला हव्यात. पण लागतात फक्त १०३. पुस्तकातला १११ हा आकडा या दोहोंची सरासरी आहे. म्हणजे पाण्यातला कोणताही बंध तोडला तरी १११ किलोकॅलरी कधीच लागत नाहीत.

असे का होते? पहिला हायड्रोजन गेला की मागे उरलेली जोडी पूर्वीसारखी राहत नाही. तिच्यातले इलेक्ट्रॉन नव्याने मांडणी करतात. घरातला एक माणूस निघून गेला की उरलेल्यांच्या झोपण्याच्या जागा, कामांची वाटणी, सगळेच बदलते, तसे. त्यामुळे तोडण्याच्या खर्चात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे त्या बंधाचे स्वतःचे बळ. दुसरी म्हणजे तुटल्यानंतर उरलेल्यांनी आपले घर पुन्हा लावून घेण्याचा हिशेब. प्रयोगशाळेत मिळतो तो या दोहोंचा एकत्रित आकडा. बंधाचे अंगभूत बळ तेवढे वेगळे काढून दाखवा, असे म्हटले की प्रश्न अवघड होतो.

हा निव्वळ पुस्तकी प्रश्न आहे, असे कोणी समजू नये. आपल्या डोक्यावरच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण पिकाला तो तसाच्या तसा घेता येत नाही. कारण नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून असतात. तो बंध तोडायला मोलमागे सुमारे २२६ किलोकॅलरी लागतात. खताच्या कारखान्यात अमोनिया तयार करताना या नायट्रोजनला वाकवण्यासाठी ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब वापरतात, शिवाय लोहाचा उत्प्रेरक लागतोच. शेतकरी युरियाची गोणी विकत घेतो तेव्हा या बंधाच्या हट्टाची किंमत त्यात असते. आणि त्याच शेतकऱ्याच्या तुरीच्या, हरभऱ्याच्या, सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू तोच बंध मातीच्या साध्या तापमानाला सोडवतात. फुकट नव्हे, त्यासाठी ते झाडाने दिलेल्या साखरेतली बरीच ऊर्जा खर्च करतात. पण भट्टी पेटवत नाहीत. बंध एकच, सोडवण्याच्या वाटा दोन. ही दुसरी वाट माणसाला स्वस्तात जमवायची असेल तर बंध नेमका कोणत्या टप्प्यावर किती ढिला पडतो, हे मोजता आले पाहिजे.

तोडणे वेगळे, ताणणे वेगळे

तोडण्याऐवजी ताणून पाहिले तर? बंधाने जोडलेले दोन अणू कधीच स्थिर नसतात. स्प्रिंगला लावलेल्या दोन गोळ्यांसारखे ते सतत जवळ-लांब होत कंप पावत असतात. स्प्रिंग जितकी ताठ तितका कंपनाचा वेग जास्त. अवरक्त किरण पदार्थावर सोडले की कोणत्या वेगाची कंपने त्यात आहेत, हे ओळखता येते. कंपनाचा वेग आणि अणूंचे वजन माहीत झाले की स्प्रिंग किती ताठ आहे, हे गणिताने काढता येते. या पद्धतीत बंध तोडावा लागत नाही. म्हणून मागे उरलेल्यांच्या घर लावण्याचा प्रश्नच येत नाही.

या मापाने गंमत होते. फ्लोरिन आणि क्लोरिन हे एकाच कुळातले वायू. फ्लोरिनच्या दोन अणूंमधला बंध तोडायला ३८ किलोकॅलरी पुरतात, तर क्लोरिनचा तोडायला ५८ लागतात. तोडण्याच्या मापाने क्लोरिन बळकट. पण स्प्रिंगचा ताठपणा पाहावा तर फ्लोरिनचा आकडा ४७० आहे आणि क्लोरिनचा ३२३. (हे माप न्यूटन प्रतिमीटरमधले.) ताणण्याच्या मापाने फ्लोरिन बळकट! वाळलेला वेल आणि रबर यांची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे. दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

स्प्रिंगचा ताठपणा आणि बंधाची लांबी यांचे नाते अमेरिकेतल्या रिचर्ड बॅजर यांनी १९३४ मध्ये मांडले. बंध जितका आखूड तितका ताठ, असा त्याचा सारांश. दोन अणूंच्या रेणूंना तो चांगला लागू पडतो. पण रेणूत दहा-वीस अणू असले की अडचण येते. तिथे एकच बंध एकटा हलत नाही. एक हलला की सगळे हलतात. भजनात टाळ, पखवाज, वीणा आणि चाळीस गळे एकत्र घुमत असताना एकाच टाळकऱ्याचा टाळ वेगळा ऐकायचा, अशातला हा प्रकार. डीटर क्रेमर आणि झोरान कोंकोली यांनी १९९८ मध्ये यावर गणिती तोड काढली. इतर अणूंच्या वस्तुमानाचा प्रभाव समीकरणातून बाजूला करायचा आणि एकाच बंधाचे कंपन वेगळे काढायचे. क्रेमर २०१७ मध्ये वारले. त्यांच्या सहकारी एल्फी क्राका यांनी टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात हे काम पुढे नेले आहे. बंधाचे अंगभूत बळ मोजण्याच्या पद्धतींत आज या पद्धतीचे नाव आवर्जून घेतले जाते.

परीक्षानळीऐवजी संगणक

इथे परीक्षानळी कुठेच आली नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. हे सगळे काम संगणकावर होते. त्याचा पाया १९२७ साली घातला गेला. त्या वर्षी हाइटलर आणि लंडन या दोघा शास्त्रज्ञांनी हायड्रोजनचे दोन अणू एकत्र का राहतात, हे पुंजयामिकीच्या समीकरणांतून दाखवून दिले. समीकरणे तर मिळाली. पण हायड्रोजनपेक्षा मोठ्या रेणूसाठी ती हाताने सोडवणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. संगणक आले तेव्हा वाट मोकळी झाली. १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक वॉल्टर कोन आणि जॉन पोपल यांना मिळाले, ते या आकडेमोडीचे मार्ग घडवल्याबद्दल. परीक्षानळी हातात न धरताही रसायनशास्त्राचे नोबेल मिळू शकते, हे त्या वर्षी जगाने पाहिले.

पण संगणकालाही मर्यादा असतात. रेणूचा आकार दुप्पट केला की आकडेमोड दुप्पट होत नाही. ती आठपट होते, आणि अधिक अचूक पद्धती वापरल्या तर शंभरपटीच्या वरही जाते. म्हणून मोठ्या रेणूंसाठी महासंगणक लागतात. भारताला असा संगणक बाहेरून मिळणे अवघड झाले तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने परम ८००० हा संगणक उभा केला, ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. त्याच शहरात, पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात, श्रीधर गद्रे आणि त्यांचे विद्यार्थी याच अडचणीवर वेगळ्या दिशेने विचार करत होते. गद्रे यांना १९९३ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला होता. संगणक मोठा करण्यापेक्षा रेणूच छोटा केला तर, असा त्यांच्या विचाराचा रोख होता.

१९९४ मध्ये गद्रे आणि त्यांचे सहकारी शिरसाट व लिमये यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ सरळ मराठीत सांगायचा तर रेणूंचे शिंपीकाम! मोठे कापड एकाच वेळी यंत्रात घालता येत नसेल तर शिंपी ते बेतून कापतो, तुकडे वेगवेगळे शिवतो आणि मग जोडतो. रेणूचेही तसेच करायचे. त्याचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याची आकडेमोड स्वतंत्र करायची आणि शेवटी बेरीज मांडायची. जो भाग दोन तुकड्यांत आला तो दोनदा मोजला गेला असणार, म्हणून तो एकदा वजा करायचा. एवढीच ती युक्ती. सुरुवातीला ती रेणूभोवतीच्या विद्युतक्षेत्राच्या अभ्यासासाठी वापरली गेली. मग लक्षात आले की बंधाचे बळ मोजायलाही ती उपयोगी पडते. आणि ते लक्षात आले ते साखरेच्या कुळातल्या रेणूंमुळे.

साखर गोड, पण हिशेब अवघड

साखरेचे नाव निघाले की बीड जिल्ह्याला वेगळे काही सांगावे लागत नाही. दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर इथली लाखो माणसे बिऱ्हाड पाठीवर घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल कोयत्याला मिळते, टनाचा दरही कोयत्याला. त्यात बाईचे काम किती, पुरुषाचे किती, हे कागदावर वेगळे येत नाही. बाईच्या कष्टाची वेगळी नोंद व्हावी, ही मागणी म्हणूनच पुन्हापुन्हा केली जाते.

रसायनशास्त्रज्ञाची अडचण बरीचशी अशीच असते. साखर जाळली तर ग्रॅममागे सुमारे चार किलोकॅलरी उष्णता मिळते, हे मोजता येते. पण ती सगळ्या रेणूची एकत्रित रक्कम झाली. आतल्या एकेका बंधाचा वाटा किती, हे त्या रकमेवरून कळत नाही.

त्यातही साखरेच्या रेणूत एक नाजूक प्रकारचा बंध असतो. त्याला हायड्रोजन बंध म्हणतात. आपल्या घरातल्या साखरेच्या एका रेणूत ऑक्सिजन-हायड्रोजनच्या आठ जोड्या बाहेर डोकावत असतात. एका जोडीतला हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो, त्याच्याशी सलगी करतो. ही सलगी म्हणजे हायड्रोजन बंध. तो मुख्य बंधांच्या मानाने फारच हलका. पण साखर पाण्यात इतकी सहज का विरघळते, साध्या तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे दोन किलो साखर कशी मावते, याचे उत्तर याच हलक्या बंधांत आहे. साखरेचा रेणू आपल्या शेजाऱ्याचा हात सोडून पाण्याचा हात धरतो.

दोन वेगळ्या रेणूंमधला हायड्रोजन बंध मोजणे संगणकाला सोपे असते. पाण्याच्या दोन रेणूंची जवळ असतानाची ऊर्जा काढायची, मग एकमेकांपासून दूर असतानाची काढायची आणि वजाबाकी करायची. फरक येतो सुमारे ५ किलोकॅलरी. पण एकाच रेणूच्या पोटातला हायड्रोजन बंध कसा मोजणार? दोन्ही टोके त्याच सांगाड्याला जोडलेली. त्यांना दूर न्यायचे तर सांगाडाच मोडावा लागतो. काही जण एक जोडी फिरवून तिचे तोंड दुसरीकडे करत आणि फरक पाहत. पण तोंड फिरवले की तिची दुसऱ्याच कोणाशी सलगी होते किंवा टक्कर होते. पुन्हा तेच, एकाचे मोजायला जावे तर दुसऱ्याचे त्यात मिसळते.

वजाबाकीची युक्ती

२००६ मध्ये मिलिंद देशमुख, श्रीधर गद्रे आणि अमेरिकेतले लिबेरो बार्टोलोटी यांनी यावर शिंपीकामाची युक्ती लावली. ती समजायला एक घर डोळ्यांसमोर आणू. घरात आईवडील आणि दोन भाऊ. आईवडिलांचा महिन्याचा खर्च चार हजार रुपये. थोरला भाऊ घरी राहिला तर सहा हजार. धाकटा राहिला तरी सहा हजार. मग दोघे भाऊ राहिले तर किती? सहा अधिक सहा बारा. त्यात आईवडिलांचे चार हजार दोनदा आले, ते एकदा वजा करू. उरले आठ हजार. पण प्रत्यक्षात दोघे भाऊ घरी असताना खर्च साडेसात हजारच होतो. हे पाचशे रुपये कुठे वाचले? दोघे एकाच मोटारसायकलवर बीडला कामाला जातात म्हणून. ते पाचशे थोरल्याचे नव्हेत, धाकट्याचे नव्हेत, आईवडिलांचेही नव्हेत. ते दोघा भावांच्या एकत्र असण्याचे आहेत.

रेणूचेही असेच करायचे. आधी पूर्ण रेणूची ऊर्जा काढायची. मग एक जोडी काढून टाकून उरलेल्याची, दुसरी जोडी काढून उरलेल्याची, आणि दोन्ही काढून उरलेल्याची. तुटलेल्या टोकाला एक साधा हायड्रोजन लावून ते शिवून टाकायचे. मग पहिल्या दोन तुकड्यांची बेरीज करायची, तिसरा वजा करायचा. येणारा आकडा म्हणजे त्या दोन जोड्यांची सलगी नसती तर रेणूची जी ऊर्जा झाली असती ती. प्रत्यक्ष ऊर्जा यापेक्षा जितकी कमी, तितके त्या हायड्रोजन बंधाचे बळ.

यात एक अट महत्त्वाची आहे. जोडी काढल्यावर उरलेल्या अणूंना जागचे हलू द्यायचे नाही. पाण्याच्या बाबतीत आपण पाहिले की एक गेला की उरलेले घर पुन्हा लावून घेतात आणि हिशेब बिघडतो. प्रयोगशाळेत त्यांना थांबवता येत नाही. संगणकावर येते. ‘अंगभूत’ या शब्दाचा अर्थ इथे नेमका कळतो. बंध जसा आहे, जिथे आहे, तसाच आणि तिथेच मोजणे.

दुसरा प्रश्न अचूकतेचा. आपल्या साध्या साखरेच्या रेणूतले सगळे इलेक्ट्रॉन आणि अणुकेंद्रे यांची मिळून ऊर्जा काढली तर ती मोलमागे सुमारे आठ लाख किलोकॅलरी भरते. त्यातून दोन किलोकॅलरींचा बंध शोधायचा. म्हणजे चार लाखांतला एक भाग. कारखान्याच्या काट्यावर वीस टन उसाची गाडी दोनदा तोलायची आणि दोन्ही वजनांतला पन्नास ग्रॅमचा फरक विश्वासाने सांगायचा, इतके हे अवघड. तरीही ते जमते, कारण वजाबाकी करताना तुकड्यांतला बहुतेक भाग समान असतो. आकडेमोडीतली लहानसहान चूक बेरजेतही येते आणि वजाबाकीतही, आणि तिचा बराचसा भाग आपोआप कटतो.

इतक्या बारीक फरकाला महत्त्व का द्यायचे, असे कोणी विचारील. साध्या तापमानाला १.४ किलोकॅलरीचा फरक पडला की दोन स्थितींतले प्रमाण दहापटीने बदलते. म्हणून हिशेबात एवढीशी चूक झाली तर उत्तर थोडे चुकत नाही, दहापट चुकते.

आकडे काय सांगतात?

देशमुख, बार्टोलोटी आणि गद्रे यांनी २००८ मध्ये साखरेच्या कुळातल्या रेणूंचे हिशेब प्रसिद्ध केले. या रेणूंत अणूंचे एक कडे असते. काही जोड्या त्या कड्याच्या कडेने बाहेर आलेल्या असतात, काही कड्याच्या वर किंवा खाली उभ्या असतात. कडेच्या दोन जोड्यांमधला हायड्रोजन बंध १.८ ते २.५ किलोकॅलरींचा निघाला. एक उभी आणि एक कडेची असेल तर २ ते ३.५. आणि एकाच बाजूला उभ्या असलेल्या, पण लगतच्या नसलेल्या दोन जोड्यांमधला सर्वांत बळकट, ३ ते ४.१ किलोकॅलरींचा. हा चढता क्रम इतरांनी वेगळ्या पद्धतींनी काढलेल्या क्रमाशी जुळला.

त्याहून मोलाची गोष्ट पुढची आहे. हे बंध साखळीने आले तर एकमेकांना बळ देतात. पहिल्याने दुसऱ्याचा हात धरला की दुसऱ्याची तिसऱ्यावरची पकड अधिक घट्ट होते. हे अनुमान जुने होते; साखरेच्या रेणूतल्या एकेका बंधामागे त्याचा आकडा मात्र कोणी दिला नव्हता. कडेच्या जोड्यांच्या साखळीत ही जादा मदत साधारण ०.१ ते ०.६ किलोकॅलरी, तर उभ्या जोड्यांच्या साखळीत ०.५ ते १.१ निघाली. संगतीने बळ वाढते, हे आपण नेहमीच म्हणतो. इथे ते किती वाढते, हे मोजून दाखवले गेले.

याचा उपयोग काय? एक उदाहरण उसातलेच आहे. रस काढल्यावर उरणारा बगॅस हा मुख्यतः सेल्युलोज आणि त्याच्या जोडीदार पदार्थांचा बनलेला असतो. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्याच हजारो कड्यांची माळ. ग्लुकोज पाण्यात विरघळते, पण तिची ही माळ विरघळत नाही, कारण शेजारशेजारच्या माळा एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात आणि त्यात हायड्रोजन बंधांचा मोठा वाटा असतो. एकेक बंध दोन-तीन किलोकॅलरींचा, पण असे असंख्य. मळीपासून किंवा रसापासून इथेनॉल करणे सोपे, बगॅसपासून करणे अवघड, याचे मूळ या गुंत्यात आहे. तो स्वस्तात सोडवायचा तर कोणता धागा आधी सुटेल, हे कळले पाहिजे.

दुसरे उदाहरण औषधांचे. नायट्यावरच्या मलमात सॅलिसिलिक आम्ल असते. त्यात दोन गट शेजारी बसलेले असून त्यांच्यात हायड्रोजन बंध आहे. हेच दोन गट कड्याच्या समोरासमोरच्या टोकांना बसवले तर त्यांची सलगी होत नाही, आणि त्या दुसऱ्या पदार्थाची आम्लता पहिल्याच्या तिसाव्या हिश्शाहूनही कमी भरते. अणू तेच, संख्या तीच, एका गाठीचा फरक. औषधाचा रेणू पेशीच्या स्निग्ध आवरणातून आत शिरेल की बाहेरच राहील, यावरही अशा आतल्या गाठींचा परिणाम होतो. नवे औषध बनवण्याआधी हे कागदावर कळले तर वेळ वाचतो आणि पैसाही.

आकड्याची मर्यादा

या आकड्यांना देववाणी मानू नये. रेणूतून दोन जोड्या काढून केलेल्या वजाबाकीत त्यांची सलगी जशी येते तशी, ती जवळजवळ असल्याने होणारी रेटारेटीही येते. दोन्ही मिळून आलेला तो निव्वळ आकडा असतो. शिवाय बंध ही वस्तू तराजूत टाकता येत नाही. ती आपण ठरवलेल्या व्याख्येतून दिसते. २०१२ मध्ये कार्बनच्या केवळ दोन अणूंच्या रेणूत चौथाही बंध आहे, असा दावा काही शास्त्रज्ञांनी केला तेव्हा मोठा वाद उठला. दोन अणूंच्या रेणूवर वाद होतो म्हटल्यावर मोठ्या रेणूंबद्दल सावधच राहायला हवे. म्हणून शहाणा संशोधक एका मापावर थांबत नाही. शिंपीकामाने आलेला आकडा, स्प्रिंगचा ताठपणा, बंधाची लांबी, ही सगळी मापे शेजारी ठेवतो. त्यांचा क्रम जुळला तर विश्वास ठेवतो. नाही जुळला तर का जुळला नाही, हे शोधतो. फ्लोरिन-क्लोरिनच्या गोष्टीत आपण पाहिलेच, न जुळणे हीसुद्धा एक माहिती असते.

शेवटी एक गोष्ट ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्यांसाठी. मांजरसुंब्याहून केजकडे जाताना लागणाऱ्या नेकनूरसारख्या गावातून विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना वाटते, संशोधन म्हणजे महागडी यंत्रे, मोठी शहरे. काही संशोधन तसे असतेही. पण या शाखेत लहान रेणूंचे हिशेब करायला एक साधा संगणक पुरतो. त्यासाठी लागणाऱ्या एनडब्ल्यूकेम आणि साय४ या प्रणाली फुकट मिळतात. ग्लिसरीनचा रेणू घ्यावा. त्यात ऑक्सिजन-हायड्रोजनच्या तीनच जोड्या आहेत. एक काढावी, दुसरी काढावी, दोन्ही काढाव्यात आणि बेरीज-वजाबाकी मांडावी. पहिले उत्तर बहुधा पटणार नाही. मग अणू जागचे हलले का, टोके नीट शिवली का, हे तपासावे आणि पुन्हा मांडावे. पुण्यातल्या प्रयोगशाळेतही याहून वेगळे काही होत नाही.